सूक वाकिफमध्ये दोन रात्री

मुंबई, नागपूर किंवा गोव्याहून युरोपला जाणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांना दोहा माहीत असतं ते फक्त विमानतळापुरतं. मध्यरात्री विमान बदलायचं, त्या अवाढव्य पिवळ्या अस्वलाजवळ फोटो काढायचा, खुर्चीत अवघडून दोन तास डोळे मिटायचे आणि पुढचं विमान पकडायचं. मी नऊ वर्षं दोह्यात राहते आहे. नात्यातलं कुणी या वाटेनं जाणार असं कळलं की मी एकच गोष्ट सांगते. जाताना नाही तर येताना दोन रात्री इथे मुक्काम करा, आणि मुक्काम करायचाच तर वेस्ट बेच्या काचेच्या मनोऱ्यात नको, सूक वाकिफ या बाजाराच्या गल्लीबोळांत वसलेल्या छोट्या हॉटेलात करा.

अशा हॉटेलांना बुटीक हॉटेल म्हणतात. खोल्या मोजक्या, प्रत्येकीची ठेवण थोडी वेगळी, आणि इमारत त्या गावाचीच वाटावी अशी. फ्लॉरेन्सला किंवा लिस्बनला एखाद्या जुन्या वाड्यात केलेल्या हॉटेलात राहायला आपण हौसेनं जातो, खिशाला चटका सोसून जातो. तोच प्रकार मुंबईहून चार तासांच्या आत मिळतो, हे मात्र फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. सूक वाकिफमधली बरीचशी छोटी हॉटेलं आज तिवोली या नावाखाली चालतात, आणि तिवोलीची सुरुवात लिस्बनमध्ये १९३३ साली झाली. म्हणजे चालवण्याची शिस्त युरोपची आहे, भिंती मात्र आखाती.

हा बाजार नेमका काय आहे हे कळलं की इथे का राहायचं तेही कळतं. सूक म्हणजे बाजार आणि वाकिफ म्हणजे उभा असलेला. एके काळी भरतीचं पाणी ओढ्यातून थेट इथपर्यंत चढायचं, बसायला कोरडी जागा राहायची नाही, म्हणून विक्रेते उभ्यानंच माल विकायचे, असं नावाचं कारण सांगतात. आपला वाकबगार हा शब्द याच वाकिफवरून आला आहे. वाकिफचा दुसरा अर्थ जाणकार, म्हणून विषय ज्याला माहीत आहे, तो वाकबगार. वाळवंटातले बदाऊन लोक लोकर, तूप, जनावरं घेऊन इथे येत आणि समुद्राकडून आलेला तांदूळ, मसाले, कापड घेऊन परत जात. त्या कापडात आणि मसाल्यात आपल्या किनाऱ्याचा वाटा मोठा होता. कतारच्या समुद्रातले मोती विक्रीला मुंबईत यायचे. जपानी कल्चर्ड मोत्यांनी १९३०च्या दशकात तो धंदा बसवला. इथल्या व्यवहारात १९६६ पर्यंत रुपयाच चालत होता, आणि १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटाच छापल्या होत्या. आपण या बाजारात शिरतो ते अगदी परक्या गावात नव्हे.

तेल आल्यावर बाजाराला अवकळा आली. सिमेंटच्या इमारती, पत्रे, बंद पडलेली दुकानं. २००३ मध्ये आग लागली आणि बराच भाग जळाला. त्यानंतर सगळं पाडून मॉल उभा करणं सोपं होतं. तसं झालं नाही. मोहम्मद अली अब्दुल्ला या कतारी कलावंताच्या देखरेखीखाली जुने फोटो पाहून, जुन्या माणसांना विचारून बाजार पुन्हा पूर्वीसारखा उभारला गेला. मातीचा गिलावा, छताला खारफुटीचे सोट, त्यावर बांबूच्या कामट्या आणि चटई. असे सोट पूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून यायचे आणि त्यांची लांबी ठरलेली असायची, म्हणून आखातातल्या जुन्या खोल्या अरुंद आणि लांबट असतात. काही जण म्हणतात, हे सगळं नव्यानं बांधलेलं आहे, अस्सल नाही. मला तसं वाटत नाही. दुपारी चारनंतर इथे कतारी आजोबा पत्ते आणि सोंगट्या खेळायला बसतात, बायका मसाले निवडून घेतात, ससाणे विकणाऱ्यांच्या रांगेत तासन्‌तास घासाघीस चालते. माणसांनी जागा आपली मानली आहे, मला तेवढं पुरतं.

हॉटेलांची नावं वाचतानाच जुनं दोहा डोळ्यांपुढे येतं. अल मिर्काब, अल जसरा, अल बिद्दा, अरुमैला, मुशैरिब ही जुन्या वस्त्यांची नावं. अल जोमरोक म्हणजे जकात. बिस्मिल्ला या हॉटेलाचं नाव दोह्यातल्या सर्वांत जुन्या हॉटेलांत घेतलं जातं. बाजाराच्या कडेला अल नजादा आहे, त्याच्या परिसरात एक जुनं घर आणि त्यावरचा वाऱ्याचा मनोरा अजून उभा आहे. वरून जाणारा वारा अडवून तो खाली खोलीत सोडायचा, वीज नसतानाच्या काळातली ही सोय. थोडं पलीकडे मुशैरिबच्या नव्या वस्तीत मँडरिन ओरिएंटलसारखी अधिक महागडी हॉटेलंही आहेत, आणि ज्यांना सगळं चकचकीत, निर्दोष हवं त्यांनी तिथेच जावं. तिथून बाजार पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

आता खोलीबद्दल, कारण खरी फसगत इथेच होते. मोठ्या साखळी हॉटेलात दोनशे खोल्या एकसारख्या असतात, त्यामुळे हॉटेल निवडलं की काम झालं. छोट्या हॉटेलात हॉटेल नव्हे, खोली निवडायची असते. माझ्या नणंदेनं तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात फोटो पाहून आरक्षण केलं. फोटोत कमानीची खिडकी, बाहेर उजेड. प्रत्यक्षात खिडकी आतल्या बंद चौकाकडे उघडत होती, दिवसाही दिवा लावावा लागत होता. यात हॉटेलनं खोटं काही लिहिलं नव्हतं. आखाती घराची रीतच अशी की बाहेरच्या भिंतीला खिडक्या कमी, उजेड चौकातून. पण आपल्याला ते माहीत नसतं आणि आपण विचारत नाही. म्हणून आरक्षण झाल्यावर लगेच हॉटेलला ईमेल लिहा आणि साध्या शब्दांत विचारा. खिडकी आहे का, ती रस्त्याकडे की चौकाकडे, खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, न्हाणीघरात टब आहे की नुसता शॉवर. पोहण्याचा तलाव प्रत्येक इमारतीत नसतो, तो कोणत्या इमारतीत आहे आणि तुमच्या खोलीपासून चालत किती लांब आहे हेही विचारा. मुलांना तलावाचं वचन देऊन बसलात आणि भर उन्हात गल्ल्या ओलांडून जावं लागलं, तर सगळ्यांचाच दिवस बिघडतो.

आवाजाचंही तसंच. बाजाराच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना उपाहारगृहं आहेत आणि गुरुवारी, शुक्रवारी रात्री ती मध्यरात्रीनंतरही गजबजलेली असतात, कारण इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. झोप हलकी असेल तर मागच्या बाजूची खोली मागून घ्या. पहाटेची अजान सर्वच खोल्यांत ऐकू येते, ती ऐकू येणारच, हे मनाशी धरून जा. मला विचाराल तर रविवार ते बुधवार हे मुक्कामाचे उत्तम दिवस. गर्दी कमी, भाडंही बहुतेक वेळा उतरलेलं आणि कर्मचाऱ्यांना तुमच्याशी दोन शब्द बोलायला उसंत असते.

सोबत आई-वडील असतील तर एक गोष्ट जपायला हवी. गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आहेत, उंबरे उंच, पायऱ्या अवचित येतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर तळमजल्याची किंवा लिफ्टजवळची खोली आधीच पक्की करा. तिसरा पलंग लागणार असेल तर तोही आधी सांगा, या लांबट खोल्यांत तो ऐन वेळी बसत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. एक डॉलर म्हणजे ३.६४ रियाल, हा दर बांधलेला आहे, रुपयाचा दर त्या हिशेबानं काढा. जाहीर केलेल्या भाड्यात सेवाशुल्क धरलेलं आहे की वरून लागणार, आणि न्याहारी आत आहे की नाही, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय दोन हॉटेलांची तुलना करू नका. खोलीचा ताबा घेताना हॉटेल कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतं. ती परत यायला कधी कधी आठवडा-दोन आठवडे लागतात. तुम्ही पुढे युरोपात जाणार असाल आणि फॉरेक्स कार्ड दिलंत, तर नेमके तिथले पैसे अडकून पडतील. इथे क्रेडिट कार्डच द्या.

व्हिसाचा नियम मात्र नीट समजून घ्या, कारण आरक्षणाशी त्याची सांगड आहे. भारतीय पासपोर्टवर कतारमध्ये पोचल्यावर व्हिसा मिळतो, पण पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, परतीचं किंवा पुढचं पक्कं तिकीट हवं, आणि हॉटेलचं आरक्षण डिस्कव्हर कतार या अधिकृत संस्थेमार्फत केलेलं हवं. नेहमीच्या संकेतस्थळावर दोनशे रुपये स्वस्त मिळालं म्हणून तिथून खोली घेतली की घोळ होतो. कतार एअरवेजनं प्रवास करून पुढे जाणाऱ्यांसाठी हीच संस्था एक ते चार रात्रींच्या स्टॉपओव्हर योजना देते आणि त्यात हॉटेलचं भाडं नेहमीपेक्षा खूप कमी असतं. मी सांगते तो दोन रात्रींचा बेत याच वाटेनं सर्वांत स्वस्त पडतो. फक्त तिकीट काढतानाच दोह्यातला थांबा लांब ठेवायला हवा, नंतर तारीख बदलायला गेलात तर सगळी बचत दंडात जाते. नियम अधूनमधून बदलतात. तिकीट काढायच्या आठवड्यात विमान कंपनीचं आणि कतारच्या व्हिसाच्या ‘हय्या’ या संकेतस्थळाचं अधिकृत पान स्वतः वाचा, कुण्या भाच्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका.

औषधांचंही इथेच बोलून घेते. झोपेच्या, वेदनाशामक आणि मानसोपचाराच्या काही गोळ्या, विशेषतः ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेल्या, इथे कडक बंधनात आहेत. आपल्याकडे सहज मिळणारी खोकल्याची औषधंही त्यात येऊ शकतात. डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ पाकीट आणि लागतील तेवढ्याच गोळ्या घ्या, आणि शंका असेल तर ते औषध घेऊन येऊच नका. दारू बाहेरून आणता येत नाही, ई-सिगारेटही नाही.

विमानतळावरून मेट्रोची लाल मार्गिका धरा, मुशैरिबला उतरून सोनेरी मार्गिकेत बसा आणि पुढचंच स्थानक सूक वाकिफ. दोन-तीन रियालांत, थंडगार डब्यातून पोचता. बायका-मुलांसाठी कुटुंबाचा वेगळा भाग असतो. शुक्रवारी मेट्रो उशिरा सुरू होते, तेव्हा करवा टॅक्सी घ्या. मोटार बाजाराच्या आत जात नाही, कडेला थांबते. हॉटेलला वेळ कळवली असेल तर बग्गी पाठवतात. नाहीतर गर्द तांबडं जाकीट घातलेले, हातगाडी ढकलणारे वयस्कर हमाल दिसतील. हमाल हा शब्दही आपण अरबीतूनच घेतला. बॅग त्यांच्या हवाली करा आणि चांगले पैसे द्या.

पैसे देण्याचा विषय निघालाच आहे तर मला एक सांगावंसं वाटतं. तुमची खोली झाडणारा, चहा आणून देणारा, दार उघडणारा माणूस बहुधा नेपाळ, केरळ, केनिया किंवा फिलिपिन्सचा असेल. नेपाळी किंवा केरळी असेल आणि हिंदीत बोललात, तर त्याचा चेहरा उजळतो. २०२१ पासून या देशात किमान वेतन महिना १००० रियाल आहे, राहण्या-जेवण्याची सोय मालकानं केली नाही तर त्यासाठी वेगळे पैसे. तुम्ही एका रात्रीसाठी जे मोजता त्याच्याशी हा आकडा ताडून पाहा. निघताना उशाशी रोख बक्षिशी ठेवा. आणि मिळालेली सेवा आवडली तर त्या माणसाचं नाव लिहून हॉटेलला कळवा, त्याच्या बढतीसाठी ते कामी येतं.

दिवसाचा क्रम बाजाराच्या घड्याळाप्रमाणे लावा. दुपारी साधारण एक ते चार दुकानं बंद असतात आणि शुक्रवारी सकाळीही सगळं सामसूम असतं, गर्दी नमाजानंतर येते. म्हणून सकाळ संग्रहालयांना द्या, दुपार खोलीत झोपायला आणि संध्याकाळ बाजाराला. मे ते सप्टेंबर पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हा क्रम मोडायचाच नाही. नोव्हेंबर ते मार्च हवा सुंदर असते.

मुशैरिबमधली चार जुन्या घरांची संग्रहालयं हॉटेलपासून पायी आहेत. त्यांतलं बिन जलमूद घर मी कुणालाही चुकवू देत नाही. हिंदी महासागरातल्या गुलामीचा इतिहास तिथे मांडला आहे, आणि कतारमध्ये गुलामी १९५२ मध्ये बंद झाली हे तिथे लपवलेलं नाही. श्रीमंत देशानं आपल्या घरातली ही गोष्ट स्वतःहून सांगावी, याचा मला आदर वाटतो. समुद्राकडे पंधरा-वीस मिनिटं चाललं की आय. एम. पेई यांनी रचलेलं इस्लामी कलेचं संग्रहालय, २००८ साली उघडलेलं. आत शाहजहानचं जेडचं कोरीव लॉकेट आहे, १६३१-३२ सालचं, म्हणजे मुमताज गेली त्या सुमाराचं. त्याच्यासमोर माझी मावशी वीस मिनिटं उभी होती.

खाण्याचं सांगायला मला नेहमी जागा कमी पडते. हॉटेलची न्याहारी चांगली असते, पण दोनपैकी एक सकाळ शाय अल शुमूसला काढा. शम्स अल कस्साबी या कतारी बाईंनी बाजारात सुरू केलेलं हे उपाहारगृह. तिथे बलालीत मागवा. वेलची-केशराच्या गोड शेवया आणि वर अंड्याची पोळी, ऐकायला विचित्र वाटतं पण दुसऱ्या घासाला पटतं. शेवया आपल्याच ओळखीच्या. जोडीला रगाग, तव्यावरची कागदासारखी पातळ भाकरी. आणि करक चहा. हा करक म्हणजे आपला कडक, आपल्या लोकांबरोबरच समुद्र ओलांडून आलेला. शाकाहारी लोकांनी अजिबात घाबरू नये. हुम्मुस, वांग्याचं मुतब्बल, फलाफल, फत्तूश यांवर पोट भरतं. मसुराच्या सूपात मात्र कधी कधी कोंबडीचं पाणी असतं, ते विचारून घ्या. अंडं न खाणाऱ्यांनी बलालीत नुसत्या शेवयांची मागावी. बाजारातल्या हॉटेलांत दारू मिळत नाही. ज्यांना ती हवीच असेल त्यांनी परवाना असलेलं दुसरं हॉटेल बघावं.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत, पुरुषांचेही. कतारी बायकांचे फोटो काढू नयेत, दुकानदाराचा काढतानाही आधी विचारावं. रमजानमध्ये येणार असाल तर दिवसा रस्त्यावर पाणीसुद्धा पिऊ नये, खोलीत हरकत नाही. त्या महिन्यात रात्र जागी असते आणि इफ्तारनंतरचा बाजार पाहण्यासारखा असतो. चुकामूक झाली तर भेटायची खूण आधी ठरवून ठेवा. बाजारात एक भलामोठा सोनेरी अंगठा उभा आहे, सेझार या फ्रेंच शिल्पकाराचा. आमच्याकडचे सगळे पाहुणे तिथेच सापडतात.

निघायच्या दिवशी पहाटे अजान झाली की पुन्हा झोपू नका. चप्पल घाला आणि खाली उतरा. झाडूवाले सोडले तर बाजारात कुणी नसतं. मातीच्या भिंती त्या वेळी राखाडी दिसतात, मग हळूहळू पिवळ्या. चिमण्या सोटांच्या टोकांवर बसलेल्या असतात, दुकानांच्या फळ्यांतून वेलची, लोबान आणि उदाचा वास येत राहतो. रस्ता ओलांडून समुद्रकाठच्या कॉर्निशवर गेलात की लाकडी गलबतं नांगरलेली दिसतील, पूर्वी यांच्यासाठी सागवान मलबारहून यायचा. त्यांच्या मागे वेस्ट बेचे मनोरे. अर्ध्या तासात ऊन चढायला लागतं. तेवढ्यात परत फिरा, वाटेत कागदी पेल्यात करक घ्या, आणि सामान हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवायला सांगा. खोली बाराला सोडावी लागली तरी विमानाच्या वेळेपर्यंत बॅगा ते सांभाळतात, आणि मसाल्यांची खरेदी अजून व्हायची असते.